न मागता आलेली मेल दारातूनच परत कधी पाठवायची?

मागच्या अंकात मी ओटीपीवर लिहिलं होतं, पण या महिन्यात आलेली निम्मी पत्रं जाहिरातींच्या मेलवर आहेत. काही वैतागलेल्यांची आहेत, एक पाठवणाऱ्याचं आहे आणि एक अशा मुलाचं आहे ज्याला रोज ठरवावं लागतं की कुठली मेल आत सोडायची नि कुठली नाही. त्याच्यापासून सुरू करते, कारण त्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

प्रश्न : ताई, मी बावधनमधल्या एका छोट्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळतो. आमचे १४० कस्टमर आहेत, सीए, दवाखाने, दोन शाळा, भोसरी-चिंचवडचे वर्कशॉपवाले, सगळे मिळून ९०० मेलबॉक्स. तीन महिन्यांपासून एक सेमिनारवाली कंपनी आमच्या जवळजवळ सगळ्या कस्टमरना आठवड्यातून दोनदा जाहिरातीची मेल टाकते, कुणी मागितलेली नाही. २२ जणांनी तक्रार केली. ब्लॉक करणार तेवढ्यात भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या काकांचा फोन आला की बंद करू नका, मी त्यांच्या जीएसटीच्या सेमिनारला गेलो होतो, उपयोग झाला. आमचे सर म्हणतात आपण पोस्टमन, मध्ये पडायचं नाही. मग ब्लॉक नक्की कधी करायचं? – एक वाचक, बावधन

उत्तर : तुला अरे-तुरे करते, चालेल ना, माझा भाचा याच कामात आहे आणि त्याच्याशी बोलल्यासारखंच लिहिलं जाणार आहे.

आधी सरांच्या पोस्टमनचं बघू, कारण ते मला अजिबात पटलेलं नाही. पोस्टाने पत्र टाकणारा तिकिटाचे पैसे स्वतः भरतो. मेलमध्ये पाठवणाऱ्याला शंभर काय नि लाख काय, खर्चात फारसा फरक पडत नाही, पण ती साठवायला डिस्क तुमची, बॅकअप तुमचा, आणि सकाळी दवाखान्यात लॅबचा रिपोर्ट शोधताना ती बाजूला सारायला वेळ जातो रिसेप्शनवरच्या मुलीचा. तिसऱ्याच्या जाहिरातीचा खर्च तुमचे कस्टमर भरतायत. तुमचं काम सोसायटीच्या वॉचमनचं आहे. गेटवर 'सेल्समनना प्रवेश नाही' अशी पाटी असते, पण ३०२ वाल्या काकूंनी स्वतः वॉटर फिल्टरवाल्याला बोलावलं असेल तर वॉचमन इंटरकॉम करून विचारतो आणि त्याला वर सोडतो, फक्त ३०२ ला, आणि तो माणूस मग बाकीच्या मजल्यांवर बेल वाजवत फिरायला लागला तर हाकलतो.

आता भोसरीच्या काकांचं. त्यांना उपयोग झाला हे खरंच आहे, त्यांना खोटं ठरवायचं काही कारण नाही. पण एकाला उपयोग झाला म्हणून बाकीच्यांनी ती मेल मागितली होती असं होत नाही. हा वाद अगदी पहिल्या वेळेपासूनचा आहे. ३ मे १९७८ ला अमेरिकेत गॅरी थ्युर्क नावाच्या डीईसी कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवरच्या जवळपास ४०० लोकांना एकाच वेळी नव्या कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली, अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं मूळ. लोक भयंकर चिडले, नेटवर्क चालवणाऱ्यांनी कंपनीला समज दिली, पण त्यातून विक्री मात्र झाली असं तो पुढे सांगत राहिला. म्हणजे जाहिरात चालते यात शंका नाहीच रे, चालते म्हणूनच तर एवढ्या येतात.

बरेच जण ब्लॉक करताना मेलमध्ये काय लिहिलंय ते बघतात आणि तिथेच फसतात. मी स्वतः फसले आहे म्हणून पोटतिडकीने सांगते. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती, ऑफिसचा फिल्टर माझ्याकडे होता, 'ऑफर' शब्द असलेल्या मेलचा नुसता पूर आला होता, मी एक नियम टाकला की सब्जेक्टमध्ये 'ऑफर' असेल आणि बाहेरून आली असेल तर सरळ डिलीट, ना स्पॅम फोल्डर ना काही. आठवड्याभराने एचआरमधली बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आम्ही ज्या मुलीला घेतलं होतं तिने ऑफर लेटरला होकाराची रिप्लाय केली होती, सब्जेक्ट अर्थातच 'री: ऑफर लेटर', ती आम्हाला मिळालीच नाही, आणि मुलगी येत नाही असं समजून जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. त्या मुलीला कळलंच नाही की तिचं उत्तर पोचलं नाही. मला आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटतं. तेव्हापासून मी शब्द बघून कधी काही ब्लॉक केलेलं नाही आणि काहीही गुपचूप फेकलेलं नाही.

तर बघायचं काय? पत्ता दिला कोणी, कधी आणि कशासाठी, एवढंच. त्यांच्याकडे हे पत्ते कसे आले ते शोध, आणि ते शोधता येतं. आम्ही सांभाळत होतो त्या एका कस्टमरच्या वेबसाइटवर, अगदी खाली फुटरमध्ये, कॉन्टॅक्टचा मेल आयडी टाइप करताना एक अक्षर चुकलेलं होतं. छापील कार्डावर बरोबर, साइटवर चूक. त्या चुकीच्या पत्त्याने कुणी कधी फॉर्म भरणं शक्यच नव्हतं कारण तो पत्ता कुणाचाच नव्हता, आम्ही तो नंतर मुद्दाम चालू करून ठेवला, आणि चारच दिवसांत त्याच्यावर जाहिराती यायला लागल्या. म्हणजे तो पत्ता साइटवरूनच उचललेला, दुसरं काही असणं कठीण. तुमच्याकडे असले पत्ते नक्की सापडतील, नोकरी सोडून गेलेल्यांचे जुने आयडी, कुठेही न वापरलेले आयडी. सेमिनारवाल्यांच्या मेल त्यांच्यावर येतायत का बघ. कुठेही न वापरलेल्या आयडीवर येत असतील तर प्रश्न संपला.

तरी एकदा विचार. कंपनीच्या पोस्टमास्टर आयडीवरून त्यांना साधी मेल टाक, की आमच्या अमुक कस्टमरचे पत्ते तुम्हाला कुठून मिळाले आणि संमती कधी घेतली ते कळवा, सात दिवस थांबतो. ज्याने खरोखर संमती घेतलीय तो तारीख सांगतो, फॉर्म दाखवतो, आणि असे लोक असतात, एखादा कस्टमर स्वतः नाव नोंदवून विसरलेलाही असतो. ज्याने पत्ते उचललेत तो म्हणतो 'पब्लिक आहेत' किंवा उत्तरच देत नाही.

आणि २२ तक्रारी कमी समजू नकोस. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना जे नियम लावले त्यात स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असं आहे, शक्यतो ०.१ च्या खाली. जीमेल हे रोजच्या मेलवर मोजतं, त्यामुळे तुलना ढोबळच आहे, पण ९०० मेलबॉक्सला एकदा मेल गेली तर ०.३ टक्के म्हणजे तीनसुद्धा होत नाहीत. तुझ्याकडे तीन महिन्यांत २२ आहेत, आणि ते सुद्धा फोन करून किंवा लिहून सांगण्याचे कष्ट घेतलेले.

मग ब्लॉक कसं करायचं, इथे खरी कारागिरी आहे. फ्रॉमचा पत्ता ब्लॉक करून काही होत नाही, पुढच्या मंगळवारी नवा असतो. तीन-चार मेलचं 'शो ओरिजिनल', म्हणजे मेलमागचा सगळा तांत्रिक तपशील, उघडून शेजारी-शेजारी ठेव नि बघ काय बदलत नाही. डीकेआयएमची सही, म्हणजे मेलवरचा पाठवणाऱ्याचा डिजिटल शिक्का, कुठल्या डोमेनची (पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) आहे, लिंका शेवटी कुठल्या साइटवर जातात. आणि बऱ्याचदा सगळं बदलतं पण 'रजिस्ट्रेशनसाठी संपर्क'चा मोबाईल नंबर तोच राहतो, कारण पैसे येणार ते त्याच फोनवरून. त्या नंबरवर नियम लाव, तो 'ऑफर'सारखा कुणाच्याही मेलमध्ये येणारा शब्द नाही, पाठवणाऱ्याची ओळख आहे. आयपी, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरचा नंबर, ब्लॉक करताना मात्र फार जपून. असे लोक बहुतेक वेळा मोठ्या मेल पाठवणाऱ्या सर्व्हिसमधून पाठवतात, आणि त्याच आयपीवरून तुझ्या शाळेच्या फीच्या सूचना पण येत असतील.

ब्लॉक म्हणजे दारातच नाही म्हणणं. समोरचा सर्व्हर मेल द्यायला आला की ते बोलणं चालू असतानाच ५५०, म्हणजे नकाराचा कोड, देऊन परत पाठव आणि कारणाच्या ओळीत लिही की चुकून अडली असेल तर या नंबरवर फोन करा. म्हणजे माझ्यासारखी चूक झालीच तरी पाठवणाऱ्याला कळतं की पोचलं नाही. आधी घ्यायची आणि मग बाउन्स, म्हणजे 'मेल पोचली नाही' असा निरोप, पाठवायचा असं मात्र करू नकोस, फ्रॉम खोटा असेल तर तो बाउन्स भलत्याच गरीब माणसाच्या पेटीत जाऊन पडतो. जिथे तुझी खात्री नाही, नुसता संशय आहे, तिथे स्पॅम फोल्डर, आणि त्याचा रोजचा सारांश कस्टमरला. भोसरीच्या काकांच्या मेलबॉक्सला सूट दे, त्यांना येऊ देत. त्यांनी मागितलीय ना आता, मग त्यांचा तो हक्क आहे आणि तो आपण मारायचा नाही.

कायद्याचं पण सांगते कारण सर तिकडे जाणार. कॉल आणि एसएमएससाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम आहेत तसा नुसत्या जाहिरातींच्या मेलसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. आयटी कायद्यातलं कलम ६६ए मेलनं त्रास देण्यावर होतं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, आणि मला विचारशील तर बरंच झालं, ते भलत्याच गोष्टींना लावत होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे, पण माणसाने स्वतःच जाहीर केलेली वैयक्तिक माहिती त्याच्या बाहेर ठेवलीय, म्हणजे वेबसाइटवर आपणच टाकलेल्या पत्त्याला त्याचा फार आधार मिळेल असं मला वाटत नाही. त्यामुळे कायदा करेल म्हणून थांबू नका. सर्व्हर तुमचा आहे, काय आत घ्यायचं ते कस्टमरशी केलेल्या करारात दोन ओळींत मराठीत लिहा, आणि काय अडवलं याची यादी मागेल त्या कस्टमरला दाखवा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. लक्ष्मी रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. बिलासाठी घेतलेले २,३०० कस्टमरचे मेल आयडी आहेत, काही २०१६ चे. दसऱ्याला सगळ्यांना नव्या पैठणींचे फोटो जीमेलवरून बीसीसी करून पाठवले. पाच दिवस लागले, आणि आता आमची बिलंसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जातायत. आम्ही काय चोर आहोत का? – एक दुकानदार

उत्तर : नाही हो, मुळीच नाही. तुमचा राग मी समजू शकते, घरच्या लग्नाचा बस्ता ज्यांच्याकडे बांधला त्या लोकांना फोटो पाठवले तर त्यात वाईट हेतू काय असणार. पण जरा त्या बाईंच्या बाजूने बघा. २०१६ मध्ये मुंजीसाठी दोन साड्या घेतल्या, काउंटरवरचा मुलगा म्हणाला मेल आयडी द्या बिल पाठवतो, म्हणून दिला. बिलासाठी दिला. आता नऊ-दहा वर्षांनी अचानक मेल येते, त्यांना दुकानाचं नाव आठवतंय का तेही माहीत नाही, त्या 'रिपोर्ट स्पॅम' दाबतात आणि पुढच्या कामाला लागतात. असं पन्नास जणींनी केलं की जीमेल तुमचा पत्ताच संशयाने बघायला लागतं, आणि बिलं त्याच पत्त्यावरून जात असल्यामुळे तीही अडकतात.

शिवाय साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० लोकांच्या पुढे जाताच येत नाही, म्हणून तुम्हाला पाच दिवस लागले. आणि काउंटरवर गर्दीत ऐकून लिहिलेले आयडी, त्यात कितीतरी चुकलेले असणार, म्हणजे तुमच्या पैठण्या नागपुरातल्या एखाद्या अनोळखी मुलाला जातायत.

आता काय करायचं. जाहिरात ताबडतोब थांबवा, बिलं चालू ठेवा. दुकानाच्या नावाचं डोमेन घ्या आणि ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही गोष्टी, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या खुणा, लावून घ्या, हे अर्ध्या तासाचं काम आहे. बिलं एका पत्त्यावरून, नव्या मालाची माहिती दुसऱ्या. बिल करताना विचारा, 'ताई, नवीन माल आला की मेल केलेली चालेल का?' आणि हो म्हणाल्या तरच टिक करा, टिक आधीपासून लावून ठेवू नका. मग त्यांना एक मेल जाईल ज्यातल्या लिंकवर त्यांनी क्लिक केलं की मगच नाव यादीत, याला डबल ऑप्ट-इन म्हणतात, चुकलेले आयडी इथेच गळून पडतात. प्रत्येक मेलमध्ये बंद करायची लिंक ठळक ठेवा, आणि एकदा बंद म्हटलं की बंद. मोठ्या पाठवणाऱ्यांना जीमेलने ते दोन दिवसांत करायला सांगितलंय, तुम्ही त्याच संध्याकाळी करा. २,३०० च्या जागी सुरुवातीला २०० नावं होतील. पाडव्याला त्या २०० जणींना पाठवून बघा आणि मला जरूर कळवा काय झालं ते.

प्रश्न : माझं वय ७१. दिवसाला ५०-६० जाहिरातींच्या मेल येतात. मुलगा म्हणतो अनसबस्क्राइब करा, नातू म्हणतो त्याला हात लावू नका, व्हायरस येतो. आता जीमेल म्हणतंय जागा संपली. कोणाचं ऐकू? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, दोघांचं, पण वेगवेगळ्या मेलसाठी. ज्या दुकानातून, ज्या ॲपवरून तुम्ही खरंच काही घेतलंय, तिथे मुलाचं ऐका. मेलच्या आतली बारीक लिंक शोधत बसू नका, वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलनेच 'अनसबस्क्राइब' दिलेलं असतं ते दाबा. २०२५ पासून जीमेलमध्ये 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असं एक पान पण आलंय, तिथे कोण तुम्हाला वारंवार पाठवतंय ती यादीच दिसते, चहा घेता घेता दहा-दहा काढून टाका. आठवड्याभराने तोच परत आला तर 'रिपोर्ट स्पॅम', मग भीडभाड ठेवायची नाही.

ज्याचं नावही ऐकलेलं नाही, त्याच्यासाठी नातू बरोबर आहे. आतल्या लिंकवर क्लिक केलं की त्याला एवढंच कळतं की या पत्त्यामागे जिवंत माणूस आहे आणि वाचतोय. तिथे थेट 'रिपोर्ट स्पॅम'. आणि केवायसी बंद होणार, वीज तोडणार, पार्सल अडकलंय असलं काही असेल तर 'रिपोर्ट फिशिंग'. बँकेच्या नावाने आलेली असेल तर लिंक कुठे जाते ते बघा, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं, शेवट तसा नसेल तर मेल उघडी ठेवून सरळ शाखेत फोन लावा. चुकून पैसे गेलेच तर लाजायचं नाही, लगेच १९३०.

जागेचं म्हणाल तर जीमेलचे फुकटचे १५ जीबी फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात, जाहिरातींनी त्यातलं थोडंच खाल्लेलं असेल, बहुतेक नातवंडांचे व्हिडिओ आहेत. ते मुलाकडून हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा, आधी कॉपी मग डिलीट. आणि आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डरवर नजर टाका हो, तिथलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, कामाची एखादी मेल अडकलेली असू शकते.

प्रश्न : मी डीएनडी लावलंय तरी मेल येतात. आणि माझा आयडी कोण वाटतं हे कसं कळणार? – एक वाचक, हडपसर

उत्तर : १९०९ वरचं डीएनडी फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलला ते लागतच नाही.

कोण वाटतं ते मात्र कळू शकतं. जीमेलमध्ये तुमच्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहिलं, म्हणजे तुमचंनाव+जिम@ असं, तरी मेल तुमच्याच पेटीत येते. काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, पण बरेच घेतात. मागच्या वर्षी मी एका गृहसजावटीच्या प्रदर्शनात लकी ड्रॉच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे +लकीड्रॉ लावून आयडी दिला होता, दुसरीकडे कुठेही नाही. बाराव्या दिवशी मुळशीतल्या एनए प्लॉटची मेल आली, 'टू'मध्ये तोच आयडी. मी प्रदर्शनवाल्यांना फोन केला, ते म्हणाले आम्ही कुणालाच यादी देत नाही. मी त्या मेलचा स्क्रीनशॉट आणि त्यांच्याच फॉर्मचा काढून ठेवलेला फोटो, दोन्ही पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, माफी मागितली, आणि माझं एकटीचं नाव काढतो म्हणाले. मी म्हटलं माझं नाही, सगळ्यांचं काढा, आणि ज्यांना दिलीत त्यांनाही कळवा. त्या आयडीवर नंतर काही आलं नाही, बाकीच्यांची नावं काढली का ते मात्र मी अजून दर महिन्याला फोन करून विचारतेय.